इम्प्लांट बदलायचं की काढायचं? दुसऱ्या ऑपरेशनाआधी या चुका टाळा

बारा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनात तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. पुढे रेडिएशनही झालं. गेल्या वर्षी ते इम्प्लांट बदलावं लागलं. मधल्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या बहुतेक एकाच कारणानं झाल्या. मी गप्प बसले. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, माहेर निपाणीकडचं. आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं, पण हे ऑपरेशन सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत.

खानापूरपासून चिकोडीपर्यंत ज्या बायका हा निर्णय मनात घोळवत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजार नसताना, स्वतःला हवं म्हणून इम्प्लांट बसवून घेतलेल्या बायकाही यात आल्या. त्यांना तर जास्तच लपवावं लागतं.

"छाती घट्ट वाटते" एवढंच सांगणं

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हेच सांगितलं. त्यांनी लगेच ईसीजी काढला, तो चांगला आला आणि मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आले. चूक त्यांची नव्हती. आपण स्तनाला छातीच म्हणतो आणि पुढचं सांगायला जीभ उचलत नाही. त्यात माझं एक वर्ष गेलं.

खरं दुखणं असं होतं. इम्प्लांट ही शरीराला परकी वस्तू. तिच्याभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं, आणि ते प्रत्येकीच्या शरीरात होतं. काहींच्या बाबतीत हे आवरण आवळत जातं. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊच असतो, दुसरीत हाताला किंचित घट्ट लागतो, तिसरीत तो कडक झालेला आणि आकार बदललेला दिसतो, चौथीत दुखायला लागतं. रेडिएशन झालेल्या जागी हा धोका वाढतो. मी चौथीपर्यंत पोचले होते आणि डाव्या कुशीवर झोपणं कधीच सोडून दिलं होतं.

तेव्हा नेमकं सांगा: "माझ्या या बाजूला इम्प्लांट आहे, अमुक साली बसवलंय, तमुक महिन्यापासून कडक झालंय, वर सरकलंय." जमत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. मी शेवटी तेच केलं.

ताप, लाली, जखमेतून पाणी किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशनाला वर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली तर तेही "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणण्यासारखं नाही. आत पाणी साठलंय का हे सोनोग्राफीत कळतं आणि ते पाणी तपासायला पाठवावं लागतं. काखेत किंवा स्तनात गाठ लागली तरी तसंच.

आणखी एक समज खोडायला हवा: "फुटलं असतं तर कळलं असतं." मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर ती बाजू काही दिवसांत बसते, आरशात दिसते. सिलिकॉनचं मात्र आतल्या आत फुटून वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. म्हणून औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचा सल्ला असा आहे की सिलिकॉन इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी करावी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी, काही त्रास नसला तरीही. अकरा वर्षांत मी एकदाही केली नव्हती. मला वाटायचं, एकदा बसवलं की जन्माचं झालं. तसं नसतं. जितकी वर्षं जातात तितकी काहीतरी होण्याची शक्यता वाढते.

कार्ड आणि जुनी फाईल जपून न ठेवणं

इम्प्लांट बसवल्यावर एक छोटं कार्ड मिळतं. कंपनी, मॉडेल, आकार किती सीसी, सिरियल नंबर, लॉट नंबर, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, हे सगळं त्यावर असतं. मी माझं कार्ड कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून माहेरच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यांच्या खाली ठेवलं होतं. काढायला गेले तेव्हा फाईलचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लेला. कार्ड पावसाळ्याच्या ओलीनं चिकटून बसलेलं, कंपनीचं नाव वाचता येत होतं, लॉट नंबर पुसलेला. मग जिथे पहिलं ऑपरेशन झालं होतं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीत अर्ज, फोन, पुन्हा अर्ज. दोन महिन्यांनी ऑपरेशनाच्या नोंदीची प्रत मिळाली. त्या पानावर इम्प्लांटच्या खोक्यावरचा स्टिकर चिकटवलेला होता, म्हणून निभावलं.

ही नोंद नवीन सर्जनना का लागते? इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, जुना छेद कुठून घेतला, आधाराला जाळी किंवा दुसरं काही घातलंय का, यावर त्यांचा सगळा बेत ठरतो. हे माहीत नसेल तर काही गोष्टी ऑपरेशन टेबलावरच कळतात. कार्डाचा फोटो काढून स्वतःला आणि विश्वासातल्या एकाला पाठवून ठेवा. नवीन इम्प्लांटचं कार्ड मी आता आधार कार्डासोबत ठेवते.

मोबाईलवर आलेल्या मेसेजवरून घाबरून ठरवणं

२०१९ साली ॲलर्गन कंपनीनं बायोसेल जातीची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली. अशा इम्प्लांटच्या भोवतालच्या आवरणात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर होतो, म्हणून. बातमी खरी आहे. पण ती फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा "सगळी इम्प्लांट लगेच काढा" अशी होऊन येते. त्रास नसेल तर केवळ तेवढ्यासाठी इम्प्लांट काढून टाकण्याचा सल्ला एफडीएनं दिलेला नाही. आपलं इम्प्लांट कोणतं हे कार्डावरून बघा, लक्षणं ओळखून ठेवा, सर्जनना भेटा. त्यातली मुख्य खूण म्हणजे वर सांगितलेली ती उशिरा येणारी सूज.

याच मेसेजांमुळे पुष्कळ जणी आवरण अख्खंच्या अख्खं, इम्प्लांटसकट एका गोळ्यात काढून द्या असा आग्रह धरतात. लिम्फोमा असेल तर तसं काढणं गरजेचंच आहे. बाकीच्या वेळी आवरण फासळ्यांना घट्ट चिकटलेलं असेल तर ते ओरबाडून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. किती काढायचं हे कारणावर आणि आत काय सापडतं त्यावर ठरू द्या.

थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा इम्प्लांटमुळे आहे असं काहींना वाटतं, आणि काढल्यावर त्यांतल्या काहींना बरं वाटतंही. त्यांचं म्हणणं खोटं ठरवू नये. पण ते सिद्ध करणारी एक तपासणी नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी १२ बघून घ्या. आपल्याकडे रक्त कमी असणारी बाई शोधायला लांब जावं लागत नाही.

"जुनं काढायचं, नवं घालायचं, त्यात काय?"

दुसरं ऑपरेशन पहिल्याहून किचकट असतं. जुने व्रण असतात, कातडी पातळ झालेली असते, रेडिएशन झालं असेल तर जखम सावकाश भरते. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: मला नेमकं काय नकोय? दुखणं, आकार, की आत इम्प्लांट असणंच? उत्तराप्रमाणे रस्ता बदलतो. आवरण काढून नवं इम्प्लांट घालता येतं. त्याची जागा स्नायूच्या वर-खाली करता येते. पोटाची किंवा पाठीची स्वतःची कातडी-चरबी वापरून स्तन बांधता येतो. ते ऑपरेशन लांबलचक असतं, पण पोटाची वापरली तर इम्प्लांटची कटकट मागे राहत नाही. पाठीची वापरली तर कधीकधी सोबत इम्प्लांटही लागतं. आणि इम्प्लांट काढून सपाट राहणं हाही पुरा निर्णय आहे, माघार नव्हे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याचा जास्त विचार केला असता.

घरातून दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. माझी मावशी म्हणाली, "आता कशाला गं परत कापाकापी, वय झालं की!" मैत्रीण म्हणाली, "बघ की, दुखतंय म्हणून किती दिवस सहन करशील?" दोघींचा जीव माझ्यासाठीच तुटत होता. पण त्या कुशीवर झोपायचं मला होतं.

पहिल्या ऑपरेशनानंतर केवळ आकार आवडला नाही म्हणून घाई करू नका. सूज उतरायला, व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. संसर्ग किंवा फुटलेलं इम्प्लांट असेल तर मात्र ही वाट बघायची नसते.

सर्जन, सही आणि पैसा

प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलेले सर्जन हवेत, आणि त्यांनी अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं केलेली हवीत. हे विचारताना संकोच नको. मी विचारलं, तर सर्जननी शांतपणे सगळं सांगितलं.

संमतीपत्र आपल्याकडे इंग्रजीत असतं किंवा कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेली बाई मान डोलावून सही करते. तसं करू नका. "मला मराठीत समजावून सांगा, मग सही करते" असं म्हणा. बेळगावातल्या दवाखान्यात मराठी बोलणारी नर्स सापडतेच. इम्प्लांट न टिकल्यास काय, स्तनाग्राची संवेदना जाऊ शकते का, पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, हे तिथेच विचारायचं.

कुणी पुण्या-मुंबईला जातं, कुणी कोल्हापूरला, कुणी हुबळीला. कुठेही जा, पण एक प्रश्न आधी विचारा: घरी परतल्यावर रात्री ताप आला तर मला कोण बघणार? पुणं इथून सव्वातीनशे किलोमीटरहून लांब आहे. इथल्या एखाद्या सर्जनशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात कॅन्सरचा इतिहास आणि आत्ताचा त्रास स्पष्ट लिहून घ्या आणि मंजुरी आधीच मागा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करा.

मिश्री लपवणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. वखारी, विडी वळणाऱ्या बायका, दारात वाळणारा तंबाखू, यातच आम्ही वाढलो. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि सकाळी बोटानं दातांना लावायचा, हे मी आजीकडून शिकले. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "तंबाखू, सिगारेट?" मी म्हणाले, "छे, आमच्यात बायका कुठं ओढतात?" मी खोटं बोलले असं मला वाटलंच नाही, कारण मिश्री आमच्या लेखी दंतमंजन होतं.

पण त्यातलं निकोटिन रक्तात जातंच. ते बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, कातडीला रक्त कमी पोचतं, जखमेची कड काळी पडू शकते आणि इम्प्लांट उघडं पडू शकतं. रेडिएशन झालेल्या कातडीला हे मुळीच परवडत नाही. ऑपरेशनाआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस मिश्री, गुटखा, तपकीर, विडी सगळं बंद हवं. शेवटी दाताचे काळे डाग बघून नर्सनंच मला बाजूला घेऊन विचारलं. तारीख महिनाभर पुढे गेली. बरंच झालं.

गोळ्यांचंही तसंच. लसणाच्या, माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल, वैद्यांचे काढे, सगळ्याची पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी मात्र स्वतःच्या मनानं थांबवायची नाही. कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तीही सांगा, तिच्यानं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि काही दिवस थांबवायची का हे डॉक्टर ठरवतात. साखर असेल तर ती आधी ताब्यात आणा. मॅमोग्राफी राहिली असेल तर करून घ्या, आणि आत इम्प्लांट आहे हे मशीनवरच्या बाईंना सुरुवातीलाच सांगा. त्या इम्प्लांट मागे सारून वेगळे फोटो घेतात.

उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही. दुधाचा चहा जेवणाइतकाच धरतात, सहा तास आधी बंद. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या भूलतज्ज्ञांची वेळ विचारून घ्या.

घरी कोण आहे, हे न ठरवणं

घागर, गॅसचा सिलिंडर, ओल्या चादरी पिळणं, माळ्यावरचे डबे, हे सगळं चार ते सहा आठवडे बंद. एसटीतून धक्के खात परत यायचं नाही. गाडीत पट्टा लावताना मध्ये छोटी उशी धरा. जखमेवर हळद किंवा तेल लावू नका.

मला एक ड्रेन होता, जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी, कुशीतून निघालेली नळी आणि टोकाला ते पाणी जमा करणारी रबरी चेंडूसारखी डबी. पदराखाली लपवून मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं आणि मी बादलीला हात घातला. जावेनं ते बघितलं. "अक्का, काय करालीस?" म्हणत तिनं बादली हिसकावली आणि पदर बाजूला केला. मग सगळं सांगावंच लागलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मापाचा कप धुऊन आणला, डबी उघडायला, रिकामी करायला आणि दाबून बंद करायला माझ्याकडून शिकून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती रोज आकडा मांडायला लागली. ७०, ५५, ४५, ३५. आकडा सर्जननी सांगितलेल्या मापाखाली उतरला, त्या दिवशी तिनंच फोन लावून ड्रेन काढायची वेळ घेतली.