संयुक्त इनहेलर कसा घ्यावा

इनहेलर हातात देताना बहुतेक जण एकच सूचना करतात: ‘जोरात ओढा.’ निम्म्या इनहेलरांच्या बाबतीत ती सूचना चुकीची आहे, आणि तिच्यामुळेच माझी पहिली दोन वर्षे वाया गेली.

संयुक्त इनहेलरमध्ये दम्यासाठी सहसा दोन औषधे एकत्र असतात. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखे स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवते, तर फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल आवळलेले स्नायू सुमारे १२ तास सैल ठेवते. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, यासाठीच्या काही इनहेलरांत स्टेरॉइड नसतेच. तेथे श्वासनलिका रुंदावणारी दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधे असतात. आपल्या वेष्टनावर काय लिहिले आहे ते एकदा नीट वाचून ठेवावे.

फवाऱ्याचा पंप असेल तर टोपण काढून तो हलवावा. नवा असल्यास माहितीपत्रकात सांगितले असेल तितके फवारे आधी हवेत सोडावेत. ताठ बसून, पंपापासून तोंड बाजूला ठेवून, श्वास सावकाश बाहेर सोडावा आणि मग ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत.

खरी गोम पुढे आहे. श्वास आत घ्यायला आधी सुरुवात करावी आणि लगेच, तोच श्वास चालू असताना, डबी एकदाच दाबावी. मी आधी दाबत असे आणि मग घाईघाईने श्वास ओढत असे. औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तेथेच राही. जिभेवर कडवट चव आली म्हणजे औषध पोहोचले, अशी माझी समजूत होती, आणि प्रत्यक्षात ती चव म्हणजे ते न पोहोचल्याची खूण होती. फवारा वेगाने सुटत असल्यामुळे श्वास मात्र संथ हवा: तीन ते पाच सेकंद, गरम चहाचा वास घ्यावा तसा. त्यानंतर तोंड मिटून शक्य असल्यास १० सेकंद श्वास रोखावा. तोंडातून किंवा नाकातून धूर निघताना दिसला तर वेळ चुकली आहे, असे खुशाल समजावे. आरशासमोर उभे राहिल्याशिवाय मला ही चूक दिसलीच नाही. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवूनच घ्यावा. एका श्वासात दोन फवारे मारू नयेत.

हे जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, वापरावा. तो केवळ लहान मुलांसाठी असतो, हा गैरसमज मला विशेष खटकतो. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नये, आपोआप वाळू द्यावा; पुसल्याने त्यात स्थिर वीज साचते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

पूड असलेल्या इनहेलरचा नियम नेमका उलटा आहे. त्यात पूड उडवण्याचे काम श्वासालाच करावे लागते, म्हणून तेथे सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढावे. त्यात श्वास सोडू नये, कारण ओलाव्याने पूड गोळा होते.

स्टेरॉइड असल्यास प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात बुरशी येते आणि आवाज बसतो.

बरे वाटू लागले म्हणून नेमून दिलेला डोस आपल्या मनाने बंद करू नये. धाप लागल्यावर तोच पंप घ्यावा का, हे त्यातील औषधावर अवलंबून असते. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते, म्हणून दम्यात त्याचा स्टेरॉइडसह संयुक्त पंप काहींना डॉक्टर तेवढ्यासाठीही देतात. साल्मेटेरॉलचा पंप मात्र त्या वेळी उपयोगाचा नाही. तातडीच्या औषधाने आराम पडला नाही, किंवा बोलताना वाक्य पुरे होईना, तर सरळ रुग्णालय गाठावे.

डबी पाण्यात तरंगवून शिल्लक औषध ओळखण्याचा जुना सल्ला विसरून जावा. मोजणी दाखवणारा आकडा पाहावा, आणि तो नसेल तर पहिल्या दिवसाची तारीख डबीवर लिहून फवारे मोजावेत.