घरी, वेदनाशामकांविना बाळंतपण: आधीची तयारी

घरी बाळंत व्हायचे असेल, तर आधी प्रकृती तपासून घ्यावी. पूर्वीचे सिझेरियन, जुळे, आडवे किंवा पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब अथवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास रुग्णालयच गाठावे, असे मी आग्रहाने सांगेन. प्रशिक्षित सुईण किंवा डॉक्टर प्रत्यक्ष हजर राहणार नसतील, तरीही हा बेत सोडावा.

सदतिसावा आठवडा लागण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात वाळवलेली सुती लुगडी, साबण, नवे ब्लेड आणि नाळ बांधण्याची निर्जंतुक चिमटी एका ठिकाणी ठेवावी. नाळेला हळद, तूप किंवा राख लावू नये, मग घरातील वडीलधारी कितीही मायेने सांगोत.

कळांचा सराव मात्र रोज करावा. कळ चढू लागली की खांदे नकळत कानांकडे सरकतात. सोबतच्या बाईने त्यांवर तळहात ठेवला आणि आपण सावकाश फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला, की ते खाली येतात. चालणे, ओणवे होणे, कमरेला शेक घेणे यांनीही उतार पडतो.

रुग्णालयाची फाइल, रक्तगटाची नोंद आणि 108 हा क्रमांक दाराशीच ठेवावा. रक्तस्राव थांबेना, झटके आले किंवा बाळ रडले नाही, तर क्षणभरही वाट पाहू नये.