चिनी गाठी शिकायला बसण्याआधी

चिनी गाठी म्हणजे दोरी गुंफून केलेल्या शोभेच्या गाठी. त्यासाठी आधी दोरी. लाल सॅटिनची दोरी देखणी असते, पण नवख्या हातातून ती निसटते आणि जरा पीळ पडला की लगेच दिसतो. सुरुवातीला नायलॉनची थोडी ताठ दोरी बरी. चीनमध्ये या दोऱ्या नंबरावर मिळतात. पाच नंबर म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर जाडीची. आपल्याकडे लेस-लटकनच्या दुकानात नंबर सांगून कोणाला कळणार नाही, तुकडा नेऊन दाखवा. रंग मात्र दोन घ्या. खरी गाठ एकाच दोरीची, मधोमध दुमडून घातलेली असते. पण शिकताना दोन रंगांची टोकं जोडून घेतली की डावा पदर कुठे गेला आणि उजवा कुठे, हे शोधत बसावं लागत नाही.

जोडायला लायटर. टोक ज्योतीत खुपसायचं नाही, खाली निळ्या भागाजवळ न्यायचं आणि मऊ झालं की चमच्याच्या पाठीनं दाबायचं. बोटानं दाबू नका, वितळलेलं नायलॉन चिकटून भाजतं. माझी पहिली गाठ काळ्या टोकाची आहे, अजून किल्लीला लटकते.

जाड थर्माकोल, मोठ्या डोक्याच्या टाचण्या, बोथट चिमटा, क्रोशाची सुई, दोरीच्या रंगाचा दोरा. एवढं पुरतं. खास किट विकत घेण्याची गरज मला तरी दिसली नाही.

पहिली गाठ दुहेरी नाण्याची, म्हणजे एकमेकांवर सरकलेली दोन जुनी नाणी. ती हातावरच होते. मग बटणाची, चिनी पोशाखाला ती खरोखर बटण म्हणून लावतात. या दोन्ही न बघता जमल्याशिवाय पानछांगच्या वाटेला जाऊ नका. पानछांग म्हणजे ती प्रसिद्ध चौकोनी जाळी, जिला सुरुवात-शेवट सापडत नाही. बौद्ध अष्टमंगलातलं हे चिन्ह लडाखला जाऊन आलेल्यांनी गोंपांत, म्हणजे तिथल्या बौद्ध मठांत, पाहिलं असेल. तिच्यासाठी दोन मीटर दोरी कापा. उरली तर उरली; शेवटच्या फेरीला कमी पडली तर सगळं उसवावं लागतं.

आणि वेळ. टाचण्यांभोवती दोरी फिरवायला अर्धा तास लागेल, पण ती अजून गाठ नाही, नुसतं ढिलं जाळं आहे. गाठ होते ती ओढताना. टाचण्या काढल्यावर आधी मधला भाग चारी बाजूंनी थोडा थोडा आवळायचा. मग दुमडीपासून निघून, दोरी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, एकेका फाशातली ढील पुढच्या फाशात ढकलत टोकापर्यंत जायचं. मधेच फोन आला की कुठवर आलो होतो ते हरवतं, म्हणून मी तिथे चिमटा अडकवून ठेवते. वाटेत पीळ दिसला तर तिथेच सोडवा. पुढे गेल्यावर तो निघत नाही. कोपऱ्यांचे कान, म्हणजे बाहेर राहिलेले फासे, सारखे आले की मधे आतून दोन टाके घाला, म्हणजे जाळी सरकणार नाही. गोंडा त्यानंतर.