घाट उतरायचा तो गिअरवर

शहरात वर्षानुवर्षं सफाईने गाडी चालवणारी माणसंही कोकणात उतरताना एक गोष्ट हमखास चुकतात. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत त्यांचा उजवा पाय ब्रेकवरच असतो. आंबा घाट उतरून साखरप्याकडे निघालं की रस्त्याकडेला एखादी कार उभी दिसते. पुढच्या चाकांतून धूर, जळका वास, घरची मंडळी खाली उतरलेली आणि चालक फोनवर सांगतोय, 'ब्रेक जॅम झाले वाटतं.' ते ब्रेक नुसते तापलेले असतात, आणि ते तापू न देणं पूर्णपणे चालकाच्या हातात असतं.

हे सगळं मुख्यतः मॅन्युअल गिअरच्या कारसाठी आहे. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

निघण्याआधी

टायरमधली हवा, वायपर, दिवे तुम्ही बघताच. न बघितलं जाणारं एकच, ते म्हणजे ब्रेक ऑइल. पातळी ठीक आहे म्हणून मेकॅनिकही झाकण लावून मोकळा होतो. पण ते किती जुनं आहे हे विचारा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि तुम्ही पेडल दाबता तेव्हा चाकाऐवजी ती वाफच दाबली जाते. पाय खालपर्यंत जातो, गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि पावसाळ्यापूर्वी बदललंत तर उत्तमच.

चढताना

इंजिन धापा टाकायच्या आत खालचा गिअर घ्या. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, हाफ क्लचला गाडीचं नाक जरासं उचललं की तो सोडा. क्लचवर गाडी तोलून धरू नका, क्लचप्लेट जळते. बाकी चढ सोपा आहे.

उतरताना

इथे मात्र सावकाश वाचा. मलाही हे अंगवळणी पडायला वेळ लागला, कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घाट शिकवत नाहीत आणि ओळखीतला प्रत्येक जण वेगळाच सल्ला देतो.

त्यातला सगळ्यात घातक सल्ला आधी निकालात काढू: 'उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं.' वाचत नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनाला इंधन जायचंच थांबतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला उलट इंधन लागतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि गाडीला रोखणारी इंजिनाची ताकदही जाते. इंजिन बंद करून गाडी सोडणारे तर स्वतःचा आणि मागे बसलेल्यांचा जीव पणाला लावतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरते. मग पेडल दगडासारखं कडक होतं, स्टिअरिंगही जड होतं.

आता गिअर कोणता? ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. ट्रकसाठी तो चोख आहे. पण आजच्या टर्बो इंजिनाच्या कार तिसऱ्यावर घाट चढून जातात आणि तिसऱ्यावरच उतरवल्या तर सुसाट सुटतात. म्हणून कारसाठी माझं ठाम मत आहे की मोठ्या घाटात दुसरा गिअर. वळणं मोकळी आणि उतार हलका असेल तर तिसरा. पहिला फक्त वाडीवस्तीवर जाणाऱ्या एकदम खड्या, अरुंद रस्त्यांसाठी.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. घाटमाथ्यावर चहाची टपरी असतेच. तिथून निघतानाच दुसऱ्यावर या आणि दुसऱ्यावरच राहा. उताराने वेग घेतल्यावर, वळण तोंडावर आल्यावर घाईने तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलात की क्लच दाबलेल्या त्या क्षणी गाडी मोकळी सुटते. टाकावाच लागला तर आधी सरळ रस्त्यावर ब्रेक मारून वेग पंचवीस-तीसवर आणा, मग गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. ओल्या रस्त्यावर क्लच झटक्यात सोडला तर ओढणारी चाकं क्षणभर घसरतात. वळणात तेवढंही फार होतं.

दुसऱ्यावर उतरताना इंजिन घोंघावतं. काटा तीन-साडेतीन हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जातो आणि शेजारी बसलेले काका हमखास म्हणतात, 'अरे, वरचा गिअर टाक, इंजिनाची वाट लागेल.' टाकू नका. त्या मीटरवरचा धोक्याचा लाल पट्टा अजून बराच लांब असतो आणि इंजिन या वेगाने फिरण्यासाठीच बनवलेलं आहे. काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला तरच काळजी करायची, आणि त्यावर उपाय ब्रेक हाच, वरचा गिअर नव्हे. शिवाय विचार करा, ब्रेक पॅड गेले तर बदलता येतात. घाटाच्या मध्यात ब्रेक गेले तर बदलायला काही उरत नाही.

गिअर असला तरी ब्रेक लागतोच. लहान इंजिनाची, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरलेली गाडी दुसऱ्यावरही हळूहळू वेग धरते. तेव्हा ब्रेक असा मारा: पस्तीसचा वेग झाला की नेमका आणि जोरकस दाबा, पंचवीसवर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा वेग वाढेपर्यंत पेडलला स्पर्शही नको. मधल्या त्या काही सेकंदांत डिस्कला, म्हणजे पॅड ज्या चकतीला आवळतात तिला, वारा लागतो. पाय हलकासा ठेवून उतरणं सुरक्षित वाटतं, पण त्यात पॅड आणि डिस्क अखंड घासत राहतात आणि उष्णतेला निघायला वाव मिळत नाही.

डावा पाय क्लचवरून काढून बाजूला टेकवा. वळणावर सवयीने क्लच दाबणारे पुष्कळ आहेत. क्लच दाबलेली गाडी म्हणजे न्यूट्रलमधलीच गाडी.

ऑटोमॅटिक गाडी एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण गिअर आपोआप पडणारा) असेल तर मॅन्युअल मोड घेऊन २ वर ठेवा, सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली) असेल तर 'एल' किंवा 'एस'. 'डी'वर सोडून दिलेली ऑटोमॅटिक बऱ्याचदा उतारावर वरचा गिअर घेते. इलेक्ट्रिक गाडीत रीजनरेशन, म्हणजे मोटरने गाडी रोखून त्यातून बॅटरीत वीज भरणं, सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज साठवायला जागा नसते आणि रीजनरेशन जवळजवळ मिळत नाही. घाटमाथ्यावरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून लगेच उतरायला लागू नका.

वास आला तर

जळका वास किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, यातलं एक जरी जाणवलं तरी 'पुढे थांबू' म्हणू नका. पहिली रुंद, सपाट जागा दिसली की थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास द्या. डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेला लोखंडी डिस्क वाकडा होतो, तडकूही शकतो. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला करा, मागून दुचाकीवाले येतात.

पेडल अगदीच खाली गेलं तर ते भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. तरीही थांबत नसेल तर दरीच्या बाजूपेक्षा डोंगराच्या कडेला किंवा गटाराला गाडी घासवणं परवडलं. किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

बाकीचं थोडक्यात

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. नियमही तोच आहे आणि चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला पुन्हा निघणं किती जड जातं ते एकदा कुंभार्ली घाटात बघा.

आंधळ्या वळणावर हॉर्न, डावी बाजू, वेग कमी. वळण कापायचं नाही. समोरून एसटी येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबा, तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो.

धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा, अप्पर मारलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही.

वळणावर ओव्हरटेक नाही. ट्रकमागे दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

जमलं की नाही, ते कसं ओळखायचं

पायथ्याला पोचल्यावर गाडी थांबवा आणि पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. चाकाला हात लावू नका. कोमट वारा जाणवला तर ठीक. धग लागली तर पुढच्या वेळी निघतानाच एक गिअर खाली घ्या.