रेटिनाचं मॉडेल करायचंय? एका पेशीपासून सुरुवात करा

संगणकीय न्यूरोसायन्सकडे (मेंदू आणि चेतापेशींचं काम गणिताने, संगणकाने समजून घेण्याकडे) वळणारे विद्यार्थी मला बहुतेक वेळा विचारतात, डीप लर्निंग कुठून शिकू? मी सांगतो, आधी एका गँग्लिऑन पेशीचं, म्हणजे रेटिनातून (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातून) मेंदूकडे सिग्नल पाठवणाऱ्या पेशीचं, मॉडेल स्वतः लिहा.

माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात, पण मेंदूकडे जाणारे तंतू दहा लाखांच्या घरात. मग रेटिना काय गाळते आणि काय पुढे पाठवते? आपलं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरतं.

मांजराच्या रेटिनात केंद्रावरच्या प्रकाशाने चेतणारी पेशी भोवतालच्या कड्यावरच्या प्रकाशाने दबते, हे स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं. पुढे १९६५ मध्ये रोडिक यांनी ते गणितात बसवलं: अरुंद गॉसियनमधून (घंटेच्या आकाराच्या वक्रातून) रुंद गॉसियन वजा. पायथनमध्ये हे मोजक्या ओळींत होतं. एखाद्या फोटोवर चालवून पाहा. सपाट भाग शांत राहतात, कडा उठून येतात.

नंतर खरा डेटा घ्या. काही प्रयोगशाळांनी तो खुला ठेवला आहे. पेशीला यादृच्छिक काळे-पांढरे चौकोन दाखवलेले असतात. प्रत्येक स्पाइकच्या (पेशीने पाठवलेल्या विद्युत ठोक्याच्या) आधीच्या फ्रेम्सची सरासरी काढली, की त्या गोंधळातून पेशीचं रिसेप्टिव्ह फील्ड, म्हणजे दृश्याच्या ज्या भागाला ती प्रतिसाद देते तो भाग, उमटतं. मला या कामात याहून सुंदर काही वाटत नाही.

पण खरं शिक्षण मॉडेल तुटतं तिथे होतं. १९६६ मध्ये एनरॉथ-कुगेल आणि रॉबसन यांनी मांजराच्या पेशींना पट्टे दाखवले. केंद्राचा अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा. मग पट्टे काढून तेवढ्याच सरासरी उजेडाचा सपाट पडदा. एकूण प्रकाश तेवढाच, म्हणून रेषीय (नुसती बेरीज-वजाबाकी करणारं) मॉडेल गप्प बसतं. एक्स प्रकारच्या गँग्लिऑन पेशीही गप्प. वाय प्रकारच्या पेशी मात्र पट्टे आल्यावरही आणि गेल्यावरही स्पाइक देतात! कारण त्यांना सिग्नल पुरवणाऱ्या बायपोलर पेशी (प्रकाश टिपणाऱ्या आणि गँग्लिऑन पेशींच्या मधल्या) प्रकाशातली वाढ जोरात कळवतात, घट तितकी नाही. त्यामुळे बेरीज शून्य होत नाही. हे उमगलं की कन्व्होल्यूशनल नेटवर्कमधले (चित्रं ओळखणाऱ्या डीप लर्निंग मॉडेलमधले) थर कशासाठी, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवी. जमल्यास रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या शेजारी बसा. आणि मॉडेलच्या अचूकतेचा आकडा सांगण्याआधी, तोच व्हिडिओ पुन्हा दाखवल्यावर पेशीचा स्वतःचा प्रतिसाद किती बदलतो ते मोजा. तेवढा फरक कुठलंच मॉडेल भरून काढू शकत नाही.