दोन सायकली, एक तंबू: ओझं वाटताना

कोकण किनाऱ्याने तंबू घेऊन दोघं सायकलींवर निघणार असाल तर तंबू, स्टोव्ह, पंप एकेकच पुरतो. पंक्चरचं सामान आणि दोन लिटर पाणी मात्र प्रत्येकाकडे हवंच. चढावर जोडीदार हमखास पुढे निघून जातो. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशव्यांच्या, तळाशी, दोन्ही बाजूंना वजन सारखं, नाहीतर दाभोळच्या फेरीबोटीकडे उतरताना हँडल थरथरतं.

खरी कटकट कॅरिअरच्या बोल्टची. खडबडीत रस्त्यावर एक सैल झाला की भार दुसऱ्यावर येतो आणि तो फ्रेमच्या आतच तुटतो. रोज संध्याकाळी ४ मिमी ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) आवळून बघा. एम-५चे (५ मिमी जाडीचे) चार जादा बोल्ट आणि मूठभर झिप टाय (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्या) सोबत ठेवा. दोघांच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह वेगळे असतील तर पंप दोन्हींना बसतो ना, हे घरीच तपासा.