मृगाआधी बागेची माती: शेणखत, चुनखड आणि पिवळी पाने

मराठवाड्यातील बागायतदारांची पाने पिवळी पडल्याची तक्रार पावसाळा सुरू झाल्यावर वाढते आणि तिच्यावर पहिला इलाज म्हणून बहुधा युरियाची गोणी फोडली जाते. येथील काळ्या जमिनीत चुन्याचे प्रमाण बरेचदा जास्त, सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) आठच्या आसपास आणि सेंद्रिय कर्ब मात्र कमी असतो, तर पालाश (पोटॅशियम) सहसा पुरेसे असते. अशा जमिनीत लोह व जस्त असूनही मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून मे महिन्यात, रोहिणी-मृगाच्या आधी, मातीकडे लक्ष देणे हे नंतरच्या खतांपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

शेतातील ढेकळावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फसफस झाली तर मातीत मोकळा चुना आहे असे समजावे. अशा मातीत जिप्सम टाकून चुना कमी होत नाही; जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीला होतो आणि तोही तपासणीच्या अहवालानंतरच करावा. माती परीक्षणासाठी भाजीपाल्याच्या शेतात इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन वरच्या वीस-बावीस सेंटिमीटरचा नमुना घ्यावा, तर मोसंबी, केशर आंबा यांसारख्या फळबागेत 30, 60 व 90 सेंटिमीटर खोलीचे नमुने वेगवेगळे ठेवावेत. नुकतेच खत टाकलेली जागा, बांधाची कड आणि गोठ्याजवळचा भाग टाळावा.

शेणखत निवडताना घाई करू नये. उकिरड्याच्या मध्यभागी हात घातल्यावर ऊब लागत असेल, शेणाचा वास येत असेल किंवा काड्या तशाच अखंड दिसत असतील, तर ते खत कच्चे आहे. कुजलेले खत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. कच्चे खत वाफ्यात मिसळले की ते कुजवणारे जिवाणू मातीतीलच नत्र वापरतात, रोपे पिवळी पडतात, आणि हुमणी व वाळवीही त्याकडे ओढली जाते. आमच्या परसबागेत वांग्याची अर्धी रोपे याच चुकीने गेली. दहा बाय चार फुटांच्या वाफ्याला चांगले कुजलेले एक घमेले खत पुरते. वाढलेल्या मोसंबीला 40 ते 50 किलो शेणखत खोडापासून दोन-अडीच फूट सोडून, फांद्यांच्या घेराखाली पसरावे व वरच्यावर मिसळावे, कारण तिची बारीक मुळे उथळ असतात. खोडाला टेकून ढीग लावल्यास ओल साचून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वाढतो, हे विसरू नये.

सोयाबीनचे भुसकट आणि तुरीच्या तुऱ्हाट्या पेटवून देण्याची सवय अजून सुटलेली नाही; भुसकट झाडाखाली आच्छादनाला आणि तुऱ्हाट्या बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात वापराव्यात. रिकाम्या पट्ट्यात हिरवळीचे खत म्हणून ताग पेरून फुलोऱ्यावर येताच, साधारण 45 दिवसांनी, गाडता येतो, मात्र त्यानंतर कुजण्यापुरता पाऊस हवा.

आता पिवळ्या पानांकडे वळू. जुनी, खालची पाने पूर्ण पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, आणि तेथे युरिया काहीच करत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकल्यास चुना त्याला बांधून ठेवतो, म्हणून दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात 25 ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी मिसळून, उन्हाच्या आधी किंवा संध्याकाळी फवारावे. जमिनीतून लोह द्यायचेच असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रसायनाच्या वेष्टनात धरून ठेवलेले लोह घ्यावे. ते महाग असते, पण ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीत फार काळ टिकत नाही. जस्तासाठीचे झिंक सल्फेट डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतामध्ये कालवून देऊ नये, दोन्ही वेगवेगळ्या वेळी द्यावेत. सलग पावसात पाणी साचलेल्या बागेत हा पिवळेपणा वाढतो. तेथे फवारणीचा पंप काढण्यापूर्वी दोन ओळींमधून उताराच्या दिशेने चर काढावा.